एका वेळी एकच खटका

महालातल्या आमच्या गल्लीत दोन सायकली समोरासमोर आल्या, तर एकीला ओट्याला टेकून वाट द्यावी लागते. अशा गल्लीत आमच्या पुतण्याने दोन माणसांची, जमिनीला पोट लावून चालणारी जुनी स्पोर्ट्‌स मोटार आणून उभी केली, तेव्हा वहिनींनी पहिला प्रश्न विचारला, "अरे, ही चालवणार कुठे?"

"दिल्लीजवळ," चिरंजीव म्हणाले.

त्यात थट्टा नव्हती. ग्रेटर नोएडाला बुद्ध इंटरनॅशनल सर्किट आहे. सुमारे ५.१ किलोमीटरांचा, १६ वळणांचा रस्ता. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे तेथे फॉर्म्युला वनची शर्यत झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेलनेच ती जिंकली. पुढे हौशी मंडळीही पैसे भरून आपापल्या मोटारी तेथे नेऊ लागली. याला म्हणतात 'ट्रॅक डे'. ही शर्यत नव्हे. बक्षीस नाही, पाठलाग नाही; डोक्यावर हेल्मेट घालायचे आणि झेंडेवाल्याचे ऐकायचे.

जाण्यापूर्वी एका रविवारी पुतण्याने मोटार 'तयार' केली. स्प्रिंगा खाली बसवल्या, धक्के शोषणारे चारही शॉक अ‍ॅब्सॉर्बर आवळले आणि मागच्या डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी पोलादी कांब अगदी ताठ केली. ही कांब वळणावर मोटारीला एका बाजूला कलू देत नाही. कलणे थांबले म्हणजे मोटार पक्की झाली, असा त्याचा हिशोब. वाचकहो, तो तुम्हांआम्हांलाही पटला असता.

दहाव्या-अकराव्या वळणाशी रस्ता उजवीकडे वळतच राहतो, संपता संपत नाही. तेथे वेग जास्त झाला असे वाटून याने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय झटकन उचलला. मागची बाजू सुटली, मोटार गर्रकन फिरली आणि रस्ता सोडून, आलेल्या दिशेकडे तोंड करून थांबली. कोणाला इजा झाली नाही. मागून दुसरी मोटार येत नव्हती, एवढेच नशीब! घरी त्याने हे बरेच दिवस सांगितले नाही.

सांगितले ते आळीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना, तेथूनच, फोनवर. मिस्त्री म्हणाले, "बाबू, सारे पेच एकाच दिवशी कायले फिरवले गा? आता कोन्या पेचानं घात केला, हे तुले कसं समजन?"

मग त्यांनी बैलगाडीचा दाखला दिला. ओझे पुढे गेले की गाडी धुरजड होते, मागे गेले की उलाळ. मोटारीचेही तसेच. वळणात पाय उचलला की भार पुढच्या चाकांवर जातो आणि मागची चाके हलकी पडतात. त्यात मागची कांब ताठ असली, तर मागचा उरलासुरला भारही बाहेरच्या एका चाकावर लोटला जातो. त्या बिचाऱ्या टायरने किती धरून ठेवायचे? म्हणजे निम्मा दोष पेचांचा, निम्मा पायाचा.

दुपारी काम नव्याने सुरू झाले. आधी हवा. टायर तापले की आतला दाब चढतो. सकाळी थंड टायरात भरलेले ३३ पौंड फेऱ्यांनंतर चाळिशीला टेकले होते. ते उतरवले. टायरच्या कडेवर खडूची रेघ ओढली. फेऱ्या मारून आल्यावर ती कुठवर पुसली आहे, यावरून टायर वळणात किती दुमडतो ते कळते. हे बिनखर्चाचे यंत्र मला सर्वांत आवडले. मग मागची कांब एक भोक ढिली. पुन्हा चार फेऱ्या. मग मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर दोन खटके सैल. पुन्हा चार फेऱ्या. प्रत्येक बदल वहीत लिहायचा आणि काही बिघडले तर एकच पाऊल मागे यायचे. घड्याळाने फारसे काही दिले नाही. पण संध्याकाळी मोटार त्याच वळणातून कुरकुर न करता गेली आणि याचा पाय जागच्या जागी राहिला.

नागपूरला परतल्यावर पहिल्याच गतिरोधकावर मोटारीचे पोट खरवडले. तेव्हा सगळे पुन्हा उलटे फिरवणे आले: स्प्रिंगा वर, खटके आणखी सैल. आता वहीत दोन पाने आहेत. एकावर लिहिले आहे 'सर्किट', दुसऱ्यावर 'महाल'.

लक्ष्मीपूजनाला दादांच्या दुकानाच्या वह्यांबरोबर तीही चौरंगावर आली. वहिनींनी दोन्ही पानांवर हळदकुंकू वाहिले. 'महाल'वर जरा अधिकच.