म्युऑनचा माग
जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेतला सीएमएस डिटेक्टर 14,000 टनांचा आहे. प्रोटॉनांच्या टकरीतून उडालेले बहुतेक कण त्याच्या आतल्या थरांतच जिरतात. म्युऑन मात्र इलेक्ट्रॉनच्या 207 पट जड. तो लोखंडही पार करतो! मागे उरतात फक्त ठिपके, आधी सिलिकॉनच्या थरांत, मग बाहेरच्या म्युऑन कक्षांत. रांगोळीसारखे ते जोडायचे, पण आसपास इतर कणांचेही असंख्य ठिपके असतात. काल्मन फिल्टर ही गणिती रीत प्रत्येक ठिपक्यागणिक मार्गाचा अंदाज सुधारत जाते. 3.8 टेस्लाच्या चुंबकामुळे वाट वाकते. जितकी कमी वाकेल तितका संवेग जास्त. मला सर्वांत आवडतं ते हे: बाहेरच्या लोखंडात चुंबकीय क्षेत्र उलटतं, म्हणून वाटही उलटी वळते! 2012 च्या हिग्ज कणाच्या शोधात चार म्युऑनांच्या अशा मागांचा मोठा वाटा होता.