कचऱ्याची जागा नकाशातच हवी

खामगाव, मलकापूर, चिखली. बुलडाणा जिल्ह्यात एमआयडीसीच्या शेड उभ्या आहेत. शेड बांधताना यंत्र कुठे, गोदाम कुठे, मालकाची केबिन कुठे, हे नकाशात ठरते. कचऱ्याला त्या नकाशात जागा नसेल तर तो कोणाच्या डोक्यावर येतो, हे आपल्या समाजाला सांगायला नको!

खामगाव ही कापसाची जुनी बाजारपेठ. जिनिंगमध्ये रुई आणि सरकी वेगळी होते. उरते ती पत्ती, काडी आणि धूळ. यंत्राजवळच धूळ ओढणारे पाइप बांधले, तर हा कचरा एका खोलीत साठतो, त्याचे खत होते. पाइप नसतील, तर तीच धूळ झाडणाऱ्या बाईच्या छातीत जाते. बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते. कामगाराचे आरोग्य हा मेहरबानीचा नव्हे, कायद्याचा विषय, ही त्यांची दिशा होती. 1948 च्या कारखाना कायद्यानेही कलम 12 व 14 मध्ये कचरा आणि धुळीची जबाबदारी मालकावर टाकली.

2016 च्या घातक व इतर कचरा नियमांतील नियम 5 आणखी पुढे जातो. औद्योगिक वसाहतीत पुनर्वापरासाठी जागा किंवा शेड राखणे हे उद्योग खात्याचे काम. त्या कामगारांची नोंदणी आणि गटांना मदत हे कामगार खात्याचे.

मग आपल्या एमआयडीसीत अशी जागा किती आणि कोणाला दिली? माहितीच्या अधिकारात विचारा. झाडू द्यायला आम्ही चालतो, मग प्लॉट द्यायला का नाही?