चपला काढताना

नागपुरात पाहुणा दाराशी वाकून चपलेला हात घालतो, तेव्हा घरवाले म्हणतात, "राहू द्या, या आत." तो तरीही काढतोच. आपण जमिनीवर बसून जेवणारी माणसं, रांगतं पोर त्याच फरशीवर असतं. रस्त्यावरची घाण उंबऱ्याबाहेर ठेवायला एवढं कारण पुरे. पण चपलेला दुसरा इतिहासही आहे.

माझी आजी तरुणपणी गावातल्या वरच्या, सवर्णांच्या आळीतून जाताना पायताण हातात धरायची. तिथं ते पायात दिसलं तर शिव्या, कधी मारही. ऊन असो की काटे. महाराष्ट्रात कितीतरी गावांत हे चालत होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, त्या गर्दीत आजी होती. पुढे तिथं दीक्षाभूमीचा स्तूप उभा राहिला, २००१ मध्ये त्याचं लोकार्पण झालं. आत बाबासाहेबांच्या अस्थी आहेत. तिथं आजी आपणहून चपला काढायची, नीट जोडून ठेवायची, कुणी सांगायची वाट न बघता. त्या दोन काढण्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आदर मनातून आला तरच तो आदर.

बुद्धाच्या काळीही पायांचा विचार झाला होता. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, सोण नावाचा भिक्खू येतो. श्रीमंताघरचा, तळवे मऊ. अनवाणी चंक्रमण, म्हणजे येरझाऱ्या घालत ध्यान, करताना त्याचे पाय फुटून रक्त आलं, तेव्हा बुद्धांनी भिक्खूंना एका पदराची वहाण वापरायला परवानगी दिली. वहाण घातलेल्याला धम्म सांगू नये, असाही नियम आहे. आजारी माणसाला मात्र त्यातून सूट. ही सूट मला फार मोलाची वाटते.

कारण मी नर्स आहे, मधुमेहींच्या पायांचं ड्रेसिंग करते. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, देवळाच्या आवारातली दगडी फरशी तव्यासारखी तापते. ज्याच्या पायाची संवेदना गेलीय त्याला चटका कळतच नाही. दर्शन होतं, प्रदक्षिणा होते, माणूस घरी येऊन झोपतो, आणि सकाळी चादरीवर डाग दिसतो तेव्हा फोड लक्षात येतो. अशी जखम चिघळली की बोट, कधी पाऊलही जातं.

म्हणून पेशंटला मी देवदर्शन सोडा असं सांगत नाही. ताजबागला जा, टेकडी गणपतीला जा, दीक्षाभूमीवर जा, पण सकाळी लवकर. जाड सुती मोजे जवळ ठेवा, चालतात का ते विचारून घ्या. परतल्यावर तळवे आरशात बघा, नाहीतर सुनेला बघायला सांगा. घरात वापरायची चप्पल वेगळी ठेवा आणि ती घालूनच हिंडा. देवघराच्या दाराशी काढली की झालं. आणि म्हातारं माणूस चपलेसकट आत आलं, तर घरच्यांनी त्याच्या पायांकडे रोखून बघू नये.