बुद्धी मोठी, वय लहान

1910 सालचा जानेवारी महिना. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात गणितप्रेमी मंडळींची बैठक भरली होती. विषय होता चार मितींच्या आकृतींचा, म्हणजे पुष्कळ पदवीधरांनाही घाम फोडणारा. वक्ता उभा राहिला आणि श्रोते टक लावून पाहू लागले, कारण वक्त्याचे वय होते अवघे अकरा! विल्यम जेम्स सिडिस हे त्या मुलाचे नाव. वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले. हा मुलगा पुढे जगातला थोर गणिती होणार, याविषयी कोणाला शंकाच उरली नाही.

या मुलाचे पुढे काय झाले? 1944 साली वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मेंदूतील रक्तस्रावाने त्याचा अंत झाला, तेव्हा तो गणिती नव्हता, प्राध्यापक नव्हता. आकडेमोडीच्या यंत्रावर काम करणारा एक साधा कारकून म्हणून त्याने आयुष्य काढले होते. त्याचा छंद होता ट्रामची तिकिटे जमविण्याचा. एका ट्राममधून दुसरीत बसताना जी बदलीची तिकिटे मिळतात, त्यांवर त्याने टोपणनावाने एक सबंध पुस्तक लिहिले होते.

असे का व्हावे? बुद्धी आटली म्हणावे, तर तसे नव्हते. आटले होते ते दुसरेच काही.

एकाच विद्यापीठातली दोन मुले

त्याच सुमारास हार्वर्डमध्ये आणखीही काही बालविद्यार्थी होते. त्यांतला एक नॉर्बर्ट वीनर. अकराव्या वर्षी कॉलेजात, चौदाव्या वर्षी पदवी आणि अठराव्या वर्षी, म्हणजे 1913 साली, हार्वर्डची डॉक्टरेट! यंत्रे आणि प्राणी आपले नियमन कसे करतात, याचे 'सायबरनेटिक्स' नावाचे नवे शास्त्र उभारणारा गणिती म्हणून पुढे त्याची जगभर कीर्ती झाली.

सिडिसचे वडील मानसशास्त्रज्ञ, वीनरचे वडील भाषांचे प्राध्यापक. दोघेही विद्वान आणि दोघांनाही आपल्या शिक्षणपद्धतीचा विलक्षण अभिमान. माझा मुलगा जन्मतः काही असामान्य नाही, त्याला मी घडविले, असे वीनरचे वडील उघडपणे लिहीत. मुलाने ते वाचले. 1953 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात वीनरने त्या जखमेविषयी मोकळेपणाने लिहिले आहे. यश मिळाले तर ते वडिलांचे आणि अपयश आले तर ते मात्र आपले, असा त्याचा अर्थ त्या पोराच्या मनाने लावला होता. वडील बीजगणित शिकवायला बसत तेव्हा आरंभी गोडीगुलाबी असे. पहिली चूक झाली की आवाज चढे आणि धड्याचा शेवट बहुधा रडण्यात होई. उदासीनतेच्या झटक्यांनी वीनरचा पिच्छा पुढे जन्मभर सोडला नाही.

तरीही वीनर तरला. याचे एक कारण त्याच्या आत्मचरित्रातच सापडते. कॉलेजात जाण्यापूर्वी तो एअर नावाच्या छोट्या गावातल्या शाळेत होता. वर्गसोबती त्याच्याहून कितीतरी मोठे. परंतु त्या गावाने त्याला नवलाची वस्तू म्हणून वागविले नाही, एक पोर म्हणून वागविले. त्या गावाविषयी तो मोठ्या मायेने लिहितो.

सिडिसच्या वाट्याला असे एअर आले नाही. हार्वर्डमध्ये तो चेष्टेचा विषय झाला. सोळाव्या वर्षी पदवी मिळाली. मग टेक्ससमध्ये गणित शिकवायला गेला, तर विद्यार्थी त्याच्याहून वयाने मोठे! ते काम टिकले नाही. त्याने गर्दीकडे पाठ फिरविली, पण गर्दी त्याचा माग सोडीना. 1937 साली एका नामांकित साप्ताहिकाने त्याला शोधून काढून त्याच्या एकाकी जिण्याचे थट्टेखोर चित्र छापले. तो कोर्टात गेला. एकदा प्रसिद्धीच्या झोतात आलेल्या माणसाविषयी लोकांना कुतूहल असणारच, अशा आशयाचा निकाल 1940 साली लागला. म्हणजे अकराव्या वर्षी इतरांनी मिळवून दिलेल्या कीर्तीचे व्याज तो बेचाळिसाव्या वर्षीही भरीत होता!

आठ वर्षांचे मूल, बारा वर्षांचे मन

या मुलांचा शास्त्रशुद्ध आणि तितकाच सहृदय अभ्यास करणारी एक बाई न्यूयॉर्कला होती, लीटा हॉलिंगवर्थ. बुद्धिगुणांकाची जुनी रीत सोपी आहे. आठ वर्षांचे मूल बारा वर्षांच्या मुलासारखे विचार करीत असेल, तर त्याचा गुणांक दीडशे. 180 हून अधिक गुणांकाच्या मुलांवर हॉलिंगवर्थबाईंनी लिहिलेला ग्रंथ 1942 साली, त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, प्रसिद्ध झाला.

त्यांचे निरीक्षण मोठे मार्मिक आहे. बऱ्यापैकी हुशार मूल सुखी असते, चारचौघांत पुढारी होते. पण बुद्धी फारच पुढे गेली की सोबतीच सापडेनासे होतात. असले मूल खेळात गुंतागुंतीचे नियम काढते, लहान पोरे कंटाळून पळतात. मोठ्यांत जावे, तर ती या चिमुरड्याला जवळ करीत नाहीत. मग ते एकटेच पुस्तकात तोंड खुपसून बसते आणि आईबाप कौतुकाने म्हणतात, 'आमच्या बाळाला खेळाची आवडच नाही!'

दुसरे दुखणे वर्गातले. अशा मुलाचा निम्मा वेळ नेहमीच्या वर्गात फुकट जातो आणि अगदी असामान्य मुलाचा तर जवळजवळ सगळाच, असे हॉलिंगवर्थबाईंचे मत होते. रिकामे डोके खोड्या काढते किंवा स्वप्ने पाहते. त्याहून वाईट म्हणजे, कष्ट केल्यावाचून पहिला नंबर मिळतो ही सवय त्याला लागते. पुढे कधीतरी खरोखर अवघड काही समोर येते, तेव्हा ते मूल हबकून जाते. झुंजणे त्याला कोणी शिकविलेलेच नसते.

तिसरे दुखणे सर्वांत नाजूक. मृत्यू म्हणजे काय, चांगल्या माणसाला दुःख का, असले प्रश्न या मुलांना फार लवकर पडतात. प्रश्न बारा वर्षांचा, पण तो पेलणारे काळीज आठच वर्षांचे. दिवसा वादात मोठ्यांना निरुत्तर करणारे मूल रात्री अंधाराला भिऊन आईच्या पदराखाली शिरते. 'एवढा हुशार आणि रडतोस काय?' या वाक्याइतके निर्दय वाक्य त्याच्यापाशी दुसरे नसेल.

मग करावे काय?

पुढच्या वर्गात ढकलणे हा उपाय वाईटच, असेही नाही. तो कसा केला जातो याला महत्त्व आहे. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचा टेरेन्स टाओ पाहा. 1975 सालचा जन्म. साडेतीन वर्षांचा असताना त्याला शाळेत घातले, पण वर्गात बसण्याइतका तो तयार नाही असे दिसताच आईबापांनी त्याला घरी आणले आणि पाचव्या वर्षी पुन्हा पाठविले. पुढेही सरसकट उडी नाही. गणितापुरता वरचा वर्ग आणि बाकीच्या विषयांना जवळच्या वयाची मुले. नवव्या वर्षी विद्यापीठातले गणित, पण पूर्णवेळ विद्यापीठ चौदाव्या वर्षी. 1988 साली, तेराव्या वर्षी, आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक आणि 2006 साली गणितातला सर्वोच्च समजला जाणारा 'फील्ड्स' सन्मान!

आपल्याकडेही हा विचार झालेला आहे. पुण्यात 1962 साली डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी बुद्धिमान मुलांसाठी ज्ञानप्रबोधिनी स्थापन केली; 1969 पासून तिची प्रशालाही आहे. बुद्धी ही एकट्याने मिरविण्याची वस्तू नसून ती समाजाच्या कामी आली पाहिजे, हा त्या प्रयोगाचा गाभा. पण अशी शाळा प्रत्येक गावी कोठून असणार? तेव्हा पुष्कळसे काम घरालाच करावे लागते.

पहिली गोष्ट, प्रदर्शन थांबवावे. पूर्वी पाहुणे आले की पोराला उभे करून पाढे म्हणवून घेत. आता पाहुण्यांच्या जागी मोबाईलचा कॅमेरा आला, एवढाच फरक! पाहुणे निदान चहा पिऊन घरी जात. कॅमेऱ्यातले चित्र मात्र मुलाची पाठ सोडीत नाही.

दुसरी गोष्ट, सोबती दोन प्रकारचे हवेत. डोक्याच्या बरोबरीचा एखादा, मग तो बुद्धिबळ खेळणारे निवृत्त आजोबा का असेनात. आणि वयाच्या बरोबरीचे चार, ज्यांच्यासंगे मातीत लोळता येईल. पोहणे, तबला, सुतारकाम असे काहीतरी त्याला शिकू द्यावे, जिथे ते हमखास पहिले येणार नाही. हरण्याची सवय घरच्या मायेतच लागलेली बरी.

तिसरी गोष्ट, भावंडांत तुलना नको. हुशार मुलाच्या सावलीत वाढणारी धाकटी बहीणही त्याच घरचे लेकरू आहे. आणि कदाचित खरी हुशार तीच असेल! मैत्रिणी दूर जाऊ नयेत म्हणून उत्तर येत असूनही हात वर न करणाऱ्या मुली कमी नाहीत. त्यांची हुशारी आधी ओळखावी लागते.

आणि शेवटची गोष्ट. गुणपत्रिका हातात घेण्यापूर्वी मुलाला विचारावे, 'आज कोणाबरोबर डबा खाल्लास?' उत्तर रोजच 'एकटाच' असे येऊ लागले, तर पुढच्या परीक्षेची चिंता बाजूला ठेवून आधी त्याची काळजी घ्यावी.