साडेएकोणीस मिलिमीटर

दाढ दुखायला लागली तेव्हा आधी तिला घरच्या घरी गप्प करायचे प्रयत्न झाले. लवंग, मिठाच्या गुळण्या, मेडिकलमधली गोळी, या क्रमाने. चौथ्या रात्री तिचा स्वभाव कळला. बसलेलो असलो की नुसती कुरकुर, उशीवर डोकं टेकलं की घण घातल्यासारखा ठणका. पहाटे तीन वाजता मी गॅलरीत उभा राहून फ्रिजमधल्या पाण्याचा घोट त्या बाजूला धरून ठेवत होतो. पाणी गार असेपर्यंत आराम, कोमट झालं की पुन्हा कळ. समोर अंबड एमआयडीसीचे दिवे दिसत होते. कुठल्यातरी शेडमधला प्रेस तिसऱ्या पाळीत ठोके देत होता आणि माझी दाढ त्याच्याशी ताल धरून होती. त्याच वसाहतीतल्या एका टूलरूममध्ये माझी अठ्ठावीस वर्षं गेली. स्टीलमध्ये भोक पाडायचं, रीमर फिरवून ते साफ करायचं, मापात आणायचं. तेच काम आता माझ्या तोंडात होणार होतं.

सकाळी पाथर्डी फाट्याकडच्या एका दवाखान्यात जाऊन बसलो. शेजारी कंपनीच्या निळ्या शर्टातला एक पोरगा गाल धरून बसला होता, पहिली पाळी बुडवून आलेला. त्याचं पाच मिनिटांत ठरलं: काढून टाका. कापसाचा बोळा चावायच्या आधी मला म्हणाला, "काका, काढायला शेकड्यात, वाचवायला हजारात. वर तीन खेपा. एका खाड्याचेच पैसे कापतात, तीन खाडे कोण भरून देणार?" त्याचा हिशोब चुकीचा नव्हता. दाढ ठेवायची की काढायची हे आमच्या भागात पुष्कळदा दाढेकडे बघून ठरत नाही, हजेरीपटाकडे बघून ठरतं.

डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. आरशाच्या दांड्याने एकेक दाढ ठोकत गेल्या. ग्राइंडिंग व्हील मशीनवर चढवण्याआधी आम्ही असंच ठोकतो. नाद स्वच्छ आला तर चाक अखंड, बद्द आला तर कुठेतरी तडा. इथे नादाचा प्रश्नच आला नाही. खालची उजवीकडची पहिली दाढ आली आणि मी खुर्चीतून चार बोटं वर उडालो. मला इतके दिवस वरची दुखतेय असं वाटत होतं. वरच्या आणि खालच्या दातांचे निरोप शेवटी एकाच मोठ्या नसेतून मेंदूकडे जातात, त्यामुळे पत्ता चुकतो, असं त्यांनी सांगितलं.

ही दाढ सहाव्या वर्षाच्या सुमाराला येते. कुठलाही दुधाचा दात न पाडता सगळ्यांच्या मागे गुपचूप उगवते, म्हणून आईबापांना तीही दुधाचीच वाटते आणि पडणारच आहे म्हणून कोणी लक्ष देत नाही. कायमच्या दातांत सगळ्यात जास्त नोकरी झालेली हीच, आणि कीडही बऱ्याचदा पहिल्यांदा हिलाच लागते.

पडद्यावर आरव्हीजीचा फोटो आला. वरून कवच, मधे पोकळी, त्या पोकळीतून खाली दोन मुळांत उतरलेल्या बारीक वाटा. किडीची काळी सावली पोकळीला जाऊन टेकली होती. दाताच्या आत जे मऊ असतं, ज्याला आपण सरसकट 'नस' म्हणतो, त्यात रक्तवाहिन्याही असतात. बोट ठेचलं तर सुजायला जागा असते. या मऊ गराभोवती मात्र चारी बाजूंनी हाडापेक्षा कठीण भिंत. सूज आली की दाब आतल्या आत वाढतो, आडवं झालं की डोक्याकडे रक्त जास्त येतं आणि दाब आणखी चढतो. रात्रीच्या तीन वाजताच्या माझ्या गॅलरीचं एवढंच कारण होतं.

"नस काढावी लागेल काका. रूट कॅनाल."

"काढल्यावर त्या दाढेला काय कळणार? मेलेलीच ती."

"कॅप बसवायच्या दिवशी सांगते," त्या म्हणाल्या.

इंजेक्शनने अर्धी जीभ आणि ओठ लाकूड झाले, पण दाढ मात्र पूर्ण शुद्धीवर राहिली. ड्रिल आत शिरलं तसा मी हात वर केला. चिडलेल्या नसेवर, विशेषतः खालच्या दाढेच्या, भूल नीट चढत नाही, हे त्यांच्या रोजच्या अनुभवातलं. मग दात आणि हाडाच्या फटीत एक सुई. शेवटी छिद्र पोकळीपर्यंत पोचल्यावर थेट नसेतच एक. ही शेवटची सुई म्हणजे एक सेकंदाची वीज. मी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला की नंतर बोटं सरळ करावी लागली. त्यानंतर मात्र शांतता. चार रात्रींत पहिल्यांदा.

दाढेभोवती हिरवं रबर ताणून बसवलं. फक्त एक दाढ भोकातून वर, बाकी सगळं तोंड पडद्याआड. ही पद्धत १८६४ सालची, सॅनफर्ड बार्नम नावाच्या अमेरिकन दंतवैद्याची. लाळ आत जाऊ नये आणि बारीक हत्यार घशात पडू नये म्हणून. आमच्याकडे याला फिक्स्चर म्हणतील. मला पटलं. जॉब नीट बांधल्याशिवाय हत्यार लावू नये.

ज्या आवाजाला लोक घाबरतात तो एअरोटरचा. १९५७ साली जॉन बोर्डन यांनी आणलेल्या हवेवर फिरणाऱ्या हँडपीसचं हे नाव, आता सगळ्याच तशा यंत्रांना चिकटलेलं. फेरे मिनिटाला तीन लाखांच्या घरात. माझ्या सीएनसीचा स्पिंडल आठ हजारांवर गेला तर मी कान टवकारायचो. सोबत पाण्याची चिळकांडी, म्हणजे कूलंटच. पाणी नसेल तर घर्षणाच्या उष्णतेने दात आतून भाजेल.

छप्पर उघडलं आणि खरं काम सुरू झालं. डॉक्टरांनी डोळ्यांवर भिंग चढवलं आणि एक अणकुचीदार काडी घेऊन पोकळीचा तळ टोचत राहिल्या. तळावर वाटांची तोंडं शोधायची असतात. पुढच्या मुळात दोन वाटा, मागच्यात एक, कधी दोन. एखादी नजरेतून सुटली तर बाकीचं सगळं काम उत्तम होऊनही दाढ पुन्हा उठते. माझ्या दाढेत तीन सापडल्या होत्या. डॉक्टर थांबल्या नाहीत. दहाएक मिनिटं मागच्या मुळाच्या तोंडाशी घालवून चौथी काढली. याच दहा मिनिटांत माझा त्यांच्यावर विश्वास बसला. मापात बसलेला जॉब पुन्हा एकदा तपासणारा माणूस मला लगेच ओळखू येतो.

मग हत्यारं आली, आणि मी खुर्चीत असूनही मान वळवायला लागलो. फाइल, रीमर, ब्रोच. तीच नावं. मी विचारल्यावर त्यांनी एक फाइल माझ्या हातात दिली. जांभळ्या मुठीची, दहा नंबर. नंबर म्हणजे टोकाची जाडी: दहा म्हणजे ०.१० मिलिमीटर, पंधरा पांढरी ०.१५, वीस पिवळी, पंचवीस लाल. टोकापासून वर जाताना दर मिलिमीटरला जाडी ०.०२ ने वाढते आणि कापणारा भाग १६ मिलिमीटरचा. मी मनात गुणाकार केला: वरच्या टोकाला ०.४२. रंगावरून माप आणि मापावरून टेपर, जगभर एकच. इतकी शिस्त आमच्या टूल क्रिबमध्ये कधी लागली नाही. लेबल निघालेले ड्रिल आम्ही डोळ्यांनी ओळखायचो आणि कधीकधी चुकायचो.

मुळातली वाट म्हणजे ब्लाइंड होल. त्यातही सरळ नाही, वाकलेलं, आणि तळ दिसत नाही. तळाच्या पलीकडे हाड आहे. अलीकडे थांबलं तर घाण राहते, पलीकडे गेलं तर जखम होते. आम्ही अशा ठिकाणी डेप्थ गेज लावतो. त्यांनी माझ्या ओठाला एक आकडी अडकवली आणि फाइलला एक चिमटा. अगदी थोडा प्रवाह सोडतात. फाइलचं टोक मुळाच्या शेवटाजवळ आलं की विरोध बदलतो आणि यंत्र वाजतं. बीप, बीप, मग सलग सूर. तिथून अर्धा मिलिमीटर मागे यायचं. फाइलवरची रबराची चकती दाढेच्या टोकाला टेकवून काढली, स्टीलच्या पट्टीवर धरली. "साडेएकोणीस," त्या मदतनीस ताईंना म्हणाल्या. ताईंनी लिहून घेतलं. दुसरी साडेएकोणीस, मागच्या दोन्ही वीस.

त्यानंतर मोटरवरच्या फाइल. निकेल आणि टायटॅनियमच्या. या धातूचं नाव नायटिनॉल, आणि त्याच्या शेवटच्या अक्षरांत ते जिथे सापडलं त्या अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेचं नाव दडलंय. १९८८ साली हरमीत वालिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यापासून दातांची फाइल करून दाखवली. स्टील वाकवलं तर वाकलेलं राहतं किंवा सरळ व्हायला धडपडून भिंत खरवडतं. हा धातू वळणाबरोबर वळतो. मोटर तीनशे फेऱ्यांवर, टॉर्कची मर्यादा बांधलेली. हत्यार अडकलं की उलटं फिरतं.

मी विचारलं, तोंडात रबर असल्यामुळे अर्धं हातवाऱ्यांनी, की तुटत नाही का? तुटतं, त्या म्हणाल्या. मला कारण सांगायची गरज नव्हती. वाकलेल्या वाटेत फिरणाऱ्या काडीची एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते, आणि प्रत्येक फेऱ्यात बाजू बदलतात. मिनिटाला तीनशे वेळा. वायर पुढेमागे वाकवून तोडतो तसंच. टॅप तुटून जॉबमध्ये अडकला की टूलरूममध्ये जो सन्नाटा पसरतो तो मला माहीत आहे. आम्ही ठिणग्या पाडून तो टॅप खाऊन टाकतो किंवा जॉब स्क्रॅपमध्ये टाकतो. यांना दोन्ही करता येत नाही. अल्ट्रासॉनिक कंपनांनी तुकडा सैल करायचा, बाजूने वाट काढायची, किंवा वाट आधीच साफ झाली असेल तर तिथेच ठेवून नजर ठेवायची. आणि पेशंटला सांगायचं. "सांगणं सगळ्यात अवघड," त्या म्हणाल्या.

मधूनमधून स्विमिंग टँकसारखा वास येत होता. सोडियम हायपोक्लोराइट, कपड्यांच्या ब्लीचचाच भाऊबंद. मला वाटत होतं की फाइलने सफाई होते आणि हे नुसतं धुणं. उलटं आहे. वाट गोल नसते. ती चपटी असते, तिला फाटे फुटलेले असतात. सूक्ष्म स्कॅन करून पाहिलं तेव्हा भिंतीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग फाइलच्या स्पर्शाविना राहिलेला आढळला. फाइल रस्ता रुंद करते, सफाई पाणी करतं. आणि सफाई का महत्त्वाची, याचा पुरावा १९६५ सालच्या एका प्रयोगात आहे. जंतूविरहित पिंजऱ्यात वाढवलेल्या उंदरांचे दात नसेपर्यंत उघडून तसेच ठेवले, तरी ते आतून भरून आले. साध्या उंदरांच्या नसा मात्र सडल्या. उघडं पडणं गुन्हा नव्हता, जंतू आत जाणं होता.

आत औषध, वर तात्पुरतं सिमेंट, आठवड्याने या. इथे पुष्कळजण गळतात. ठणका थांबलेला असतो, पुढचे पैसे वाचतात, सिमेंट झिजत जातं आणि सहा महिन्यांनी अर्धी दाढ भाकरीबरोबर हातात येते. मीही चौथ्या दिवशी विचार केला होता की आता काय राहिलंय. खोटं कशाला बोला.

दुसऱ्या खेपेला वाटा भरल्या. गटापर्चाच्या गुलाबी काड्या, फाइलच्याच मापाच्या. हा मलायाकडच्या झाडाचा चीक. दातात तो १८६७ पासून भरला जातोय, पण त्याआधी त्याची नोकरी समुद्राखाली होती. ज्या सीमेन्सचा कारखाना आज नाशकात आहे, तिच्या संस्थापकाने, वेर्नर सीमेन्सने, १८४७ साली तारेवर हा चीक चढवायचं यंत्र केलं. १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने मुंबई ते एडन जी तार टाकली तिलाही याच चिकाचं वेष्टण होतं. खारं पाणी त्याला खात नाही, लाळ काय खाणार. काडी आत सारून डॉक्टरांनी किंचित ओढून पाहिली. ती हलकेच अडली. प्लग गेज बरोबर बसला की बाहेर काढताना हाताला जो नकार लागतो, तसा. "टग-बॅक," त्या म्हणाल्या. आमच्याकडे या नकाराला नाव नाही, पण पगार त्याचाच मिळतो.

कॅप का, तर मधून पोखरल्याने भिंती पातळ झाल्या. सुपारी फोडायची ताकद जबड्यात तेवढीच, आणि ती पेलायला आता कडा उरल्यात. वरून टोपी घातली की भिंती उभ्या फाटत नाहीत.

तिसऱ्या खेपेला झिर्कोनियाची कॅप आली. निळा कागद दातांमधे धरून त्या म्हणाल्या, "काका, टकटक करा." केलं. उंच लागत होतं. निळा ठिपका घासला. पुन्हा टकटक. अजून लागत होतं. कागद बघितला, कुठे काही नाही. "ठीक दिसतंय," त्या म्हणाल्या. मी मान हलवली. त्यांनी ड्रॉवरमधून चंदेरी पन्नी काढली, केसाच्या जाडीच्या कितीतरी खाली. ती दोन दातांत धरून ओढली. एका जागी अडली, बाकी ठिकाणी सुटली.

"बघा," त्या हसल्या. "दाढेला काय कळणार म्हणत होतात ना?"

नस गेली होती. पण मूळ हाडात थेट रुतलेलं नसतं. मधे मिलिमीटरच्या पंचमांशाइतका धाग्यांचा एक थर असतो आणि दाढ त्यात झुल्यासारखी लटकलेली असते. दाब कळतो तो त्या थराला. तो थर शाबूत होता, त्याची नस वेगळी, त्याचं रक्त हाडाकडून येणारं. दाढ काढून स्क्रू बसवला असता तर चावता आलं असतं, हे धागे मात्र परत आले नसते. त्यांना वीस-पंचवीस मायक्रॉनचा फरक कळतो. माझ्या पेटीतल्या फिलर गेजची सगळ्यात बारीक पाती पन्नासची आहे.

त्यांनी रबरी चाक लावलं, हलकेच फिरवलं. "आता?"

टकटक.

"अजून जरासं," मी म्हणालो, "मागच्या कडेला."