तेलाच्या टंचाईपासून पवनचक्कीपर्यंत : डेन्मार्कच्या ऊर्जा धोरणाचा धडा

ज्या कारखानदाराला सूत देणारा व्यापारी एकच आहे, त्याचा माग त्या व्यापाऱ्याच्या मर्जीवर चालतो. भाव त्याचा, मुदत त्याची, आणि माल सोडायचा की अडवायचा हेही त्याच्याच हाती. ही गोष्ट आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना वेगळी सांगायला नको. पण जे एका मागाला लागू आहे तेच एका देशालाही लागू पडते, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. देशाचे सूत म्हणजे त्याची ऊर्जा. ती एकाच दारातून येत असेल तर सारा देश त्या दाराशी बांधला जातो.

युरोपच्या उत्तरेकडील डेन्मार्क हा असाच एक बांधला गेलेला देश होता. सुमारे ६० लाख लोकवस्तीचा हा देश त्या बंधनातून कसा सुटला, आणि त्या कामात तेथील लोहार, सुतार व छोट्या कारखानदारांचा वाटा काय होता, हे आज आपण पाहू.

१९७३ चा धक्का

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले. अरब तेल उत्पादक देशांनी तेलाचा पुरवठा कमी केला. पिंपाला सुमारे ३ डॉलर असलेला भाव जानेवारी १९७४ पर्यंत १२ डॉलरच्या आसपास गेला. याची झळ साऱ्या जगाला बसली, पण डेन्मार्कला ती फारच लागली. कारण त्या वेळी त्या देशाची ९० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा तेलापासून मिळत होती आणि ते तेल बाहेरून येत होते. घरे तापवायला तेल, वीज निर्माण करायला तेल, गाड्या चालवायलाही तेलच. नोव्हेंबर १९७३ पासून पुढील काही आठवडे सरकारने रविवारी खाजगी मोटारी चालवण्यास बंदी घातली. लोक रिकाम्या रस्त्यांवरून सायकलीने फिरू लागले.

टंचाई ओसरली की लोक ती विसरतात. डेन्मार्कने ती विसरली नाही. १९७६ मध्ये देशाचा पहिला ऊर्जा आराखडा तयार झाला. त्याचे सार एका वाक्यात सांगायचे तर असे : एका मालावर आणि एका दारावर अवलंबून राहायचे नाही.

आधी बचत, मग नवे साधन

पहिली पायरी काही फार पवित्र नव्हती. वीज केंद्रांनी तेल सोडून कोळसा जाळायला सुरुवात केली. कोळसाही बाहेरचाच, पण तो अनेक देशांतून मिळू शकत होता. त्याच सुमारास उत्तर समुद्रात देशाचे स्वतःचे तेल व वायू काढण्याचे काम वाढवले गेले.

दुसरी पायरी बचतीची. वीज केंद्रात इंधन जाळले की त्यातील मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. १९७९ च्या उष्णता पुरवठा कायद्याने ही उष्णता गरम पाण्याच्या नळांनी घरोघर नेण्यास चालना दिली. आज तेथील जवळपास दोन तृतीयांश घरे अशा सामायिक नळांवर तापतात. एकाच इंधनातून वीजही मिळाली आणि ऊबही. कापणीत उरलेल्या चिंध्यांतून गोधडी शिवणाऱ्याला हा हिशेब लगेच कळेल.

१९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले. दुसऱ्या एखाद्या सरकारने सुटकेचा निःश्वास टाकला असता. डेन्मार्कने इंधनावरील कर वाढवला, म्हणजे स्वस्ताई पाहून लोक पुन्हा जुन्या सवयीकडे वळू नयेत. त्याआधी १९८५ मध्ये संसदेने अणुवीज आपल्या आराखड्यातून वगळली होती. त्यामुळे वाऱ्याकडे गांभीर्याने पाहणे भाग पडले.

लोहार-सुतारांचे हुन्नर

या कथेचा आमच्या वाचकांच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग येथून सुरू होतो.

वाऱ्यापासून वीज ही डेन्मार्कला नवी गोष्ट नव्हती. पोल ला कूर या शिक्षकाने १८९१ मध्येच आस्कोव येथे तिचे प्रयोग केले होते. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या योहानेस यूल यांनी १९५७ मध्ये गेडसर येथे तीन पात्यांची २०० किलोवॅटची पवनचक्की उभारली. पण तेल स्वस्त होते, म्हणून १९६७ मध्ये ती बंद पडली. टंचाई आल्यावर हीच जुनी रचना कामास आली.

१९७० च्या दशकाच्या मध्यास पश्चिम जटलंडमधील क्रिस्टियन रीसागर नावाच्या सुताराने गेडसरच्या धर्तीवर लहान पवनचक्की बनवली आणि सार्वजनिक वीजवाहिनीला जोडली. ती २२ किलोवॅटची होती. म्हणजे वारा पूर्ण वेगाने असला तर एक हॉर्सपॉवरच्या तीसेक मोटारी चालतील एवढी. त्यानंतर कार्ल एरिक योर्गनसेन हा लोहार आणि हेन्रिक स्टीसडाल हा तरुण यांनी मिळून अधिक भक्कम रचना तयार केली. ती व्हेस्टास या कारखान्याने बनवायला घेतली.

व्हेस्टासचा पूर्वेतिहासही पाहण्यासारखा आहे. १८९८ मध्ये लेम या गावी एका लोहाराने टाकलेल्या दुकानातून हे घराणे पुढे आले. घरगुती वस्तू, दूध थंड करण्याची यंत्रे, शेतीच्या ट्रॉल्या, मालमोटारींवरच्या क्रेन असे करत करत १९७९ मध्ये ते पवनचक्कीकडे वळले. बोनस हा दुसरा कारखाना शेताला पाणी शिंपडण्याची यंत्रे बनवणाऱ्यांनी काढला. नॉर्डटँक हा तिसरा टाक्या बनवणाऱ्यांचा. पाती बनवणारी एल. एम. ही कंपनी १९४० मध्ये लाकडी फर्निचरचा कारखाना म्हणून सुरू झाली होती. पुढे तिने फायबरच्या होड्या केल्या, आणि होडीचे कसब पात्याला उपयोगी पडले.

यांपैकी कोणीही आपला धंदा टाकून अनोळखी धंद्यात उडी घेतली नाही. हातात जे हुन्नर होते तेच त्यांनी नव्या मालाला लावले.

मदत दिली, पण पारख करून

सरकारने काय केले? १९७९ पासून पवनचक्की विकत घेणाऱ्याला खर्चाच्या ३० टक्के अनुदान मिळू लागले. पण एक अट होती. रिसो येथील सरकारी चाचणी केंद्राने पास केलेल्याच पवनचक्कीला अनुदान. कच्चा माल खपवून मोकळे होण्याची सोय उरली नाही. पुढे अनुदान टप्प्याटप्प्याने कमी होत १९८९ मध्ये बंद झाले. तोवर धंदा आपल्या पायावर उभा राहिला होता.

दुसरी गोष्ट भागीदारीची. गावातील शेतकरी, शिक्षक, दुकानदार थोडी थोडी रक्कम घालून एक पवनचक्की घेत आणि विजेचे उत्पन्न हिश्श्याप्रमाणे वाटून घेत. नव्वदीच्या दशकात अशा भागीदार कुटुंबांची संख्या लाखावर गेली. राजधानी कोपनहेगनजवळच्या समुद्रात २००० मध्ये उभ्या राहिलेल्या २० पवनचक्क्यांपैकी निम्म्या हजारो सामान्य भागीदारांच्या सहकारी संस्थेच्या मालकीच्या होत्या. ज्याचा हिस्सा आहे तो पवनचक्कीच्या आवाजाची तक्रार कमी करतो, हे वेगळे सांगायला नको.

वारा पडला तर?

वारा काही कोणाचा नोकर नाही. तो पडला की वीज कोठून आणायची? येथे शेजारधर्म कामास आला. नॉर्वेत धरणांची वीज मुबलक आहे. १९७०च्या दशकातच समुद्राखालून नॉर्वेपर्यंत तार टाकली गेली. वारा जोरात असला की डेन्मार्क जादा वीज विकतो, नॉर्वे आपले पाणी धरणात राखून ठेवतो, आणि वारा पडला की तीच वीज उलटी येते. स्वीडन, जर्मनी, नेदरलँड्स आणि २०२३ च्या अखेरीस ब्रिटनशीही असे जोड झाले. २०२३ मध्ये डेन्मार्कच्या विजेच्या वापरात निम्म्याहून अधिक वाटा वाऱ्याचा होता आणि सुमारे एक दशांश सूर्याचा.

ठेचा कोठे लागल्या

ही सारी कथा गोडच आहे असे समजू नये. १९८० च्या दशकात डॅनिश कारखान्यांना अमेरिकेतील कॅलिफोर्नियातून प्रचंड मागणी आली, कारण तेथे करसवलत होती. १९८५ च्या अखेरीस ती सवलत संपली आणि मागणी एकदम गळाली. व्हेस्टासचे १९८६ मध्ये दिवाळे निघाले आणि पुढच्या वर्षी तिची नव्याने बांधणी करावी लागली. एकाच पुरवठादाराच्या धोक्यातून देशाला सोडवणारा कारखाना स्वतः एकाच गिऱ्हाइकाच्या धोक्यात सापडला!

२००१ नंतर नव्या सरकारने मदतीचा हात आखडता घेतला, तेव्हा जमिनीवर नव्या पवनचक्क्या उभारणे काही वर्षे जवळपास थांबले. १ जून २०२२ रोजी रशियाने डेन्मार्कच्या मुख्य वीज कंपनीचा वायू तोडला, कारण तिने रुबलमध्ये पैसे देण्यास नकार दिला होता. डिसेंबर २०२४ मध्ये उत्तर समुद्रातील मोठ्या पवन प्रकल्पासाठी निविदा मागवल्या, तर एकही आली नाही. व्याज व सामान महागले होते आणि सरकारी हमी नव्हती. म्हणजे हे काम एकदा करून संपणारे नाही.

आपल्यासाठी काय?

आपल्याकडेही या मार्गाने गेलेला एक कापडवाला आहे. गुजरातेत कापडाचा धंदा करणारे तुलसी तांती यांना विजेचा खर्च पेलेना, म्हणून त्यांनी आपल्या कारखान्यासाठी दोन पवनचक्क्या घेतल्या. पुढे १९९५ मध्ये त्यांनी पवनचक्क्या बनवणारी सुझलॉन कंपनी काढली. तिचे मुख्यालय पुण्यात आहे. २०२२ मध्ये तांती यांचे निधन झाले.

ऊर्जा धोरण म्हणजे केवळ मंत्र्यांचा आणि बड्या उद्योगपतींचा विषय, ही समजूत डेन्मार्कच्या लोहारांनी खोटी ठरवली. आज छपरावरच्या सौर पट्ट्यांचे सांगाडे, तारजोडणी, मोटारी, दुरुस्ती अशी कितीतरी कामे वेल्डर, फिटर व वायरमन यांच्या हातची आहेत. ती घ्यायची असतील तर माल चाचणीत उतरला पाहिजे, एकट्याला न पेलणारे भांडवल भागीदारीने उभे केले पाहिजे, आणि पुरवठा असो की गिऱ्हाईक, एकाच दाराशी बसून राहता कामा नये. डेन्मार्कला हे शिकायला एक टंचाई आणि एक दिवाळे लागले. आपल्याला ते त्यांच्या अनुभवावरूनही शिकता येईल.