परदेशप्रवास, दुग्धवर्ज्य आहार आणि आमचे औषधपत्र

हिंगोली, वसमत, कळमनुरी येथील अनेक घरांतील मुले शिक्षण व नोकरीनिमित्त जर्मनी, अमेरिका, ऑस्ट्रेलियास गेली आणि त्यांच्यामागोमाग आईवडिलांचीही पारपत्रे निघू लागली. लेकीसुनेच्या बाळंतपणासाठी तीन महिने परदेशी राहून येणारे रुग्ण आता आमच्याही चिकित्सालयात येतात. निघण्यापूर्वी ते औषधे मागतात. आहाराविषयी क्वचितच विचारतात. ज्यांनी दूध, तूप, मध हेही सोडले आहे, अशांच्या बाबतीत हे न विचारणे फार महाग पडते. ते आम्हांस एका रुग्णेकडून शिकावे लागले.

औंढा तालुक्यातील या रुग्णेने काही वर्षांपूर्वी प्राणिज पदार्थ पूर्णतः वर्ज्य केले. अम्लपित्त व संधिवात ही तिची जुनी दुखणी. मुलाकडे जर्मनीस निघताना तिने ‘दूध बंद आहे’ असे सांगितले. ते पथ्य समजून आम्ही मान डोलावली आणि कामदुधा, योगराज गुग्गुळ, च्यवनप्राश व एक कॅप्सूल लिहून दिली. तीन महिन्यांनी ती परतली तेव्हा वजन पाच किलोंनी घटले होते, पायांना मुंग्या येत होत्या आणि तपासणीत बी-१२ फारच कमी निघाले. तेथे ती पाव आणि उकडलेला बटाटा यांवर राहिली होती. आमची औषधे तर तिने दुसऱ्याच आठवड्यात बंद केली. मुलाने वेष्टने वाचून दाखविली होती. ‘डॉक्टर, तुम्हांला ठाऊक होतं, मग सांगितलं का नाही?’ या तिच्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते.

चरकाचार्यांनी नित्य सेवनीय द्रव्यांत दूध, घृत व मध सांगितले आहे. त्याच यादीत जांगल मांसही आहे, हे आपण सहसा उच्चारीत नाही. दूध सर्वांनी सोडावे असे आमचे मत नाही. परंतु रुग्णेचे व्रत हे तिचे आहे, आणि ते धरून तिचे बल राखणे हे वैद्याचे काम आहे.

अडचणीचा आरंभ विमानातच होतो. ‘हिंदू शाकाहारी’ म्हणून मागविलेल्या जेवणात पनीर व दही येते. दुग्धवर्ज्य जेवणाची संज्ञा व्हीजीएमएल अशी आहे. तिची नोंद तिकिटासोबतच करावी. आपल्याकडील हिरव्या ठिपक्याची सवयही तेथे घात करते. त्या ठिपक्यात दूध बसते. म्हणूनच २०२२ च्या नियमांनी भारतात व्हीगन पदार्थांसाठी वेगळी व्यवस्था केली.

युरोपीय संघात मात्र एक मोठी सोय आहे. २०११ च्या नियमानुसार वेष्टनावरील घटकांच्या यादीत दूध, अंडी, मासे इत्यादी चौदा असात्म्यकारक द्रव्ये ठळक दिसतील अशी छापावी लागतात. भाषा येत नसली तरी ठळक शब्द शोधता येतो. दूध, दह्याची निवळी, साय, लोणी, अंडे या पाच गोष्टींचे जर्मन शब्द मुलाकडून कागदावर लिहून घेतले की निम्मे काम झाले. मध, जिलेटिन व लाख त्या चौदांत नाहीत, म्हणून ते ठळक छापले जात नाहीत. ई १२० हा किड्यांपासूनचा लाल रंग, ई ९०१ मेण, ई ९०४ लाख, एवढे आकडे पाठ करावेत.

उपाहारगृहात ‘मी शाकाहारी आहे’ एवढे म्हणणे पुरत नाही. जपानमध्ये भाजीच्या रस्सातही सुकविलेल्या माशाचा अर्क असतो, थायलंडमध्ये माशाचे पाणी मिठासारखे वापरतात, आणि तेथील स्वयंपाक्यास त्यात मांस आहे असे वाटतच नाही. काय चालत नाही ते नावानिशी सांगावे. याहून उत्तम मार्ग म्हणजे त्या देशाच्या उपवासाचा शब्द विचारणे. आपण जसे ‘उपवासाचे आहे का?’ असे विचारतो, तसे इथिओपियात ‘यत्सोम’, ग्रीसमध्ये ‘निस्तिसिमो’, रशियात ‘पोस्नोये’, थायलंडमध्ये ‘जे’, व्हिएतनाममध्ये ‘चाय’ आणि जपानी बौद्ध मठांत ‘शोजिन’ आहार आहे. इथिओपियातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती तर बहुतेक बुधवारी व शुक्रवारी दूध-मांस घेत नाहीत. म्हणजे व्हीगन हा शब्द इंग्लंडात १९४४ साली निघाला, पण अन्न पुष्कळ जुने आहे. अर्थात उपवासाच्या चौकशीत पोटनियम असतातच, जसे आपल्याकडे साबुदाणा चालतो व भात चालत नाही. ग्रीक उपवासात शिंपल्यातील जीव व मध चालतात. रशियात काही दिवशी मासा चालतो. तेवढे विचारून घ्यावे.

सोबत न्यावयाचे पदार्थ आमच्या रुग्णांच्या घरचेच आहेत: ज्वारीचे पीठ, भाजके पोहे, मेतकूट, जवस व कारळाची चटणी, तूरडाळ, वसमतची हळद. कढीपत्त्याची ताजी पाने नेऊ नयेत. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेणे गुन्हा ठरतो. विजयायुक्त कल्पांविषयीही तेथे व सिंगापुरास जाणाऱ्यास सावध करावे. युरोपीय संघात प्रवाशाच्या सामानातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, आणि त्यांत तूपही येते. सिद्ध घृताची बाटली बांधून देणाऱ्या औषधालयांनी हे लक्षात घ्यावे.

आता आपल्या औषधांकडे वळू. च्यवनप्राशात तूप व मध असतो. गुग्गुळाचे कल्प कुटताना तूप लावले जाते, आणि गुग्गुळाचे शोधन दुधात वा गोमूत्रात झालेले असू शकते. कामदुधेत प्रवाळ, मौक्तिक, शुक्ती, शंख, कपर्दिक ही पाचही द्रव्ये समुद्रातील जीवांची आहेत. लाक्षादि गुग्गुळातील लाख किड्याची. गोदंती नावाने फसविते, पण ती खनिज आहे. कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडाकातड्याचे असते. वनस्पतिज कवच मिळते, पण मागावे लागते. गोळीच्या बांधणीत दुग्धशर्करा असू शकते. यांतील बहुतेक वेष्टनावर कळत नाही. शोधन कशात केले हे तर कधीच नाही.

पर्याय शोधणे कठीण नाही. अम्लपित्तास शतावरी-ज्येष्ठमधाचे चूर्ण कोमट पाण्यातून देता येते, संधिवातास रास्नासप्तक क्वाथ, आणि स्नेहनासाठी तीळतेल आहेच. बी-१२ बाबत मात्र आडपडदा नको. वनस्पत्याहारातून ते भरवशाने मिळत नाही, आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेह्यात ते आणखी घटते. अशा रुग्णास बी-१२ ची आधुनिक गोळी सुरू करण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही. ती आधी दिली असती तर त्या रुग्णेचे पाय वाचले असते. मुंग्या अजून पूर्ण गेलेल्या नाहीत.

ती पुन्हा निघाली आहे. या वेळी औषधपत्र लिहिण्यापूर्वी तिने प्रत्येक डबी आमच्यासमोर ठेवली आणि आत काय आहे ते विचारले. दोन डब्यांविषयी आम्हांस खात्रीने सांगता आले नाही, म्हणून दोन्ही उत्पादकांस पत्रे लिहिली. एकाचे उत्तर आले आहे. दुसऱ्याचे यावयाचे आहे.